कुत्र्याला घेऊन एका दिवसात तीन-चार माथे: बेळगाव परिसरातल्या डोंगरांसाठी मार्गदर्शक

माणूस दमला की बोलतो, बसतो, पाणी मागतो. कुत्रा तसं काही करत नाही. जीभ लांबलेली, शेपूट खाली गेलेली, तरी तुम्ही उठलात की तोही उठतो आणि मागं चालू लागतो. एकच टेकडी चढून उतरायची असेल तर हे फारसं आड येत नाही. सलग तीन-चार माथे करायचे म्हटलं की मात्र सगळ्यात मोठा धोका हाच. शेवटच्या माथ्यावर जायचं की नाही हे कुत्रा कधीच ठरवणार नाही. ते तुम्हाला ठरवायचं आहे, आणि तेही प्रत्येक खिंडीत नव्यानं. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

आधी डोंगर ठरवा

बेळगाव शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. त्यामुळं भोवतालचे डोंगर पायथ्यातून बुटके दिसतात आणि तिथंच अंदाज चुकतो. एक माथा उतरून खिंडीत आलं की उतरलेली उंची पुन्हा चढावी लागते. चार माथ्यांच्या वाटेवर एकूण चढ किती, याची बेरीज घरी नकाशावर करा. हिशोब साधा आहे: कुत्र्यासोबत ताशी तीन किलोमीटर धरा आणि दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं जास्त. म्हणजे 10 किलोमीटर वाट आणि एकूण 500 मीटर चढ असेल तर चालायलाच चार तास दहा मिनिटं लागतात. त्यात विश्रांतीचा सव्वा तास मिळवा. सकाळी सातला निघालात तर साडेबारापर्यंत खाली याल. हिशोब याच्या पुढं जात असेल तर एक माथा आधीच वगळा.

डोंगर निवडताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: माथ्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ गाडीरस्ता येतो का? माणसाचा पाय मुरगळला तर तो काठी टेकत खाली येतो. वीस-पंचवीस किलोचा कुत्रा बसला तर त्याला उचलूनच आणावं लागतं. या दृष्टीनं बेळगावकर नशीबवान आहेत, कारण हाताशी दोन चांगले डोंगर आहेत.

पहिला राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा किल्ला. गडापर्यंत डांबरी रस्ता आहे, आत सिद्धेश्वराचं देऊळ आहे, वरून सगळं बेळगाव दिसतं. 2023 मध्ये इथं छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला आणि तेव्हापासून रविवारी गर्दी वाढली आहे. कुत्र्याला घेऊन जायचं तर आठवड्यातला कामाचा दिवस आणि सूर्योदयाची वेळ बरी. हा एकच माथा आहे, म्हणून सरावाला उत्तम. रस्ता सोडून पायवाटेनं चढायचं, उतरायचं आणि दम टिकला तर पुन्हा चढायचं. दुसऱ्या चढाला कुत्रा कसा वागतो, यावरून मोठ्या दिवसाचा अंदाज येतो.

दुसरी जागा वैजनाथ–महिपाळगडाची रांग. हिंडलगा, सुळगा, उचगाव करत वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडली की शिनोळीपासून महाराष्ट्र, तालुका चंदगड. तिथून देवरवाडी आणि वैजनाथाचं देऊळ. महिपाळगडावर गावच वसलेलं आहे आणि गाडीही वर जाते. देऊळ, मधले उंचवटे आणि गड असं धरलं तर दिवसभराची मोहीम होते, आणि दोन्ही टोकांना रस्ता असल्यानं कुठूनही सुटका करून घेता येते. एक गाडी देवरवाडीत ठेवा, आणि गाडी घेऊन गडावर येऊ शकेल अशा एखाद्या मित्राला त्या दिवशी फोनजवळ राहायला सांगा. पायवाटा गवताच्या हंगामात बुजतात आणि दरवर्षी थोड्या सरकतात. म्हणून कुत्र्याला नेण्याआधी एकदा ती वाट स्वतः एकट्यानं किंवा मित्रांबरोबर चालून या. पाणी कुठं आहे, सावली कुठं आहे आणि कुठल्या खिंडीतून गावाकडं वाट उतरते, एवढं टिपून आणलं की पुरे.

आता कुठं जायचं नाही ते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचं जंगल कितीही ओढ लावत असलं तरी कुत्र्याला घेऊन तिकडं नको. त्याच भागातलं भीमगड हे 2011 मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य आहे. तिथं माणसालाही परवानगीशिवाय जाता येत नाही, पाळीव कुत्र्याचा तर प्रश्नच नाही. यामागं कारण आहे. आपल्या कुत्र्यांत आढळणारे डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग कोळसुंद्यांसारख्या रानकुत्र्यांना होतात. 2018 मध्ये गीरमधले सिंह डिस्टेंपरनं गेले, ते अनेकांना आठवत असेल. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारल्याशिवाय शिरू नका. शहराजवळच्या काही माळांवर लष्कराचं प्रशिक्षण चालतं. कुंपण किंवा फलक दिसला की तिथूनच मागं फिरायचं.

महिना आणि कुसळं

इथं थोडं थांबून सांगतो, कारण डोंगरात कुत्र्याला सर्वांत जास्त त्रास देते ती ही चिमुकली गोष्ट.

पाऊस संपला की आपल्या माळांवरचं गवत पिकतं आणि कुसळं सुटतात. एक कुसळ उचलून हातावर नीट पाहा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागच्या दिशेनं वळलेले बारीक केस आणि मागं पिळाची लांब शेपटी. ओल मिळाली की तो पीळ सुटतो, फिरतो आणि टोक आत ढकलतो. केस उलटे असल्यानं ते मागं येत नाही, पुढंच सरकतं. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकपुडीत, पापणीखाली किंवा काखेत घुसलं की आत-आत जात राहतं आणि तिथं पू धरतो.

ओळखायचं कसं? बोटांत गेलं असेल तर कुत्रा तोच पाय सारखा चाटतो आणि दोन बोटांमध्ये लालसर गाठ येते. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं करून झटकतो. नाकात गेलं तर एकदम शिंकांचा सपाटा सुरू होतो, क्वचित रक्ताचा थेंबही दिसतो. डोळ्यात गेलं तर डोळा मिटून घेतो. पायाला किंवा केसांत अडकलेलं दिसत असेल तर बारीक चिमट्यानं बुडाशी धरून सरळ बाहेर ओढा. कानात किंवा डोळ्यात असेल तर हात लावू नका, आणखी आत ढकललं जातं. सरळ पशुवैद्याकडं.

यावरून महिना ठरतो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गवत हिरवं असतं, ओढ्यांना पाणी असतं. फक्त जांभ्याचा दगड शेवाळलेला आणि निसरडा असतो, आणि परतीचा पाऊस दुपारनंतर गाठतो. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा सुंदर, पण कुसळांचा कहर. या दिवसांत वैरणीसाठी राखलेली गवताची कुरणं कापायला आलेली असतात, त्यात कुत्रा सोडणं मालकाचं नुकसान करणंही आहे. जानेवारीत गवत बरंचसं कापलं-चरलं गेलेलं असतं, पायवाटा उघड्या पडतात, पहाटे बोचरी थंडी असते. मला विचाराल तर चार माथ्यांचा बेत जानेवारीतच करावा. फेब्रुवारीत सकाळी दहाच्या आत खाली यायला हवं. वणवा लागून गेलेल्या डोंगरावर त्या आठवड्यात जाऊच नका. राखेखाली धुमसती खोडं असतात आणि कुत्र्याचा पाय नेमका त्यावर पडतो. मार्च ते मे हा बेत पूर्ण सोडून द्या.

जाण्याआधी बोटांमधले आणि पंजाच्या तळव्यातले केस बारीक कापा. कानाच्या आतल्या कडेचे केसही. लांब केसांच्या कुत्र्याला जुना सुती टी-शर्ट घातला तरी पोटाचं आणि काखेचं रक्षण होतं.

कुठला कुत्रा नेता येईल

पग, बुलडॉग, शीत्झू अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना नेऊ नका. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. चपट्या तोंडाला ते जमत नाही. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड जाऊ शकतात, पण अंगावर चरबी नको आणि ऊन नको. देशी कुत्री या कामाला सर्वांत भरवशाची. अंगानं सडपातळ, केस आखूड आणि इथल्या हवेतली.

आपल्या भागाचा म्हणून मुधोळ हाउंडचा वेगळा उल्लेख करायला हवा. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा, कारवानी म्हणून खेड्यापाड्यांत ओळखला जाणारा हा शिकारी कुत्रा. 2005 मध्ये टपाल खात्यानं त्याच्यावर तिकीटही काढलं. चालायला जबरदस्त, पण तो नजरेनं शिकार करणारा आहे. माळावर ससा उठला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. मुधोळ असेल तर पट्टा मनगटात नव्हे, कंबरेला बांधा, आणि कड्याच्या बाजूनं स्वतः चाला.

वय हेही बघायचं. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत पक्की होत नाहीत. तोवर लांब उतार नको, कारण उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. म्हाताऱ्या कुत्र्याला राजहंसगडाची एक फेरी पुरेशी आहे.

दोन महिने आधीपासून

रोज सकाळी गल्लीत अर्धा तास फिरणारा कुत्रा सहा तासांच्या डोंगराला तयार नसतो. पहिले दोन आठवडे रोज तासभर, मातीच्या रस्त्यावर. माती आणि खडीवर चालून पंजे टणक होतात. पुढचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा चढ: राजहंसगडाची एक फेरी, मग दोन. त्यानंतर एकदा तीन-साडेतीन तासांची सलग चाल. या प्रत्येक वेळी घरी आल्यावर पंजाची गादी अंगठ्यानं दाबून बघा. गरम लागते का, कुठं सोललंय का, दाबल्यावर पाय ओढतो का? दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना तो ताठरला असेल तर कार्यक्रम एक आठवडा पुढं ढकला. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

चालण्याइतकाच महत्त्वाचा सराव म्हणजे ‘ये’ म्हटल्यावर येणं, ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातलं टाकणं आणि उचलून घेतल्यावर धडपड न करणं. तिसरा सराव बहुतेकजण करत नाहीत. एक जुनी चादर किंवा नऊवारी घ्या, कुत्र्याच्या पोटाखालून झोळी करा आणि दोघांनी मिळून त्याला शंभर पावलं न्या. एकदा जमलं की वेळेला हात चालतात.

पशुवैद्याकडं महिनाभर आधी जा. रेबीजची लस चालू आहे ना, लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या रोगाची, थोडक्यात ‘लेप्टो’ची) लस आहे ना, जंत आणि गोचिडांचं औषध कधी द्यायचं, हे विचारा. लसीच्या पुस्तकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. धनगराच्या किंवा गावच्या कुत्र्याशी झटापट झाली तर तो लागतो. सर्पदंशावरचं अँटिव्हेनम पशुवैद्याकडं किंवा जवळपास कुठं मिळतं, हेही त्याच दिवशी विचारून घ्या. आयत्या वेळी त्याचा शोध घेण्यात मोलाची मिनिटं जातात.

पिशवीत काय

छातीला बसणारा, पाठीवर पकड असलेला हार्नेस. गळ्यातल्या पट्ट्याला धरून कुत्र्याला खडकावरून ओढलं तर मानेला इजा होते. पाठीची पकड धरून मात्र त्याला सहज वर घेता येतं. दोरी दोन मीटरची, कापडी. साखळी नको. घडीचं पाण्याचं भांडं, चिमटा, सलाईनची बाटली, बेटाडीन, बँडेजच्या पट्ट्या, कापसाचा मऊ गुंडाळा, एक जाड मोजा (पंजा कापला तर त्यावर चढवायला) आणि ती झोळीची चादर. गळ्यात तुमचा फोन नंबर असलेली पाटी.

माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही त्याला घातक ठरू शकतात.

पाणी मोजून न्या. घरी बसलेल्या कुत्र्यालाही दर किलो वजनामागं दिवसाला 50 ते 60 मिलीलीटर पाणी लागतं, डोंगरात त्याच्या दुप्पट धरा. 20 किलोच्या कुत्र्याला दोन ते अडीच लिटर, तुमचं वेगळं. वर अंगावर ओतायला म्हणून एक लिटर राखीव. ही बाटली पिण्यासाठी उघडायची नाही. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. गुरं बसतात तिथं लेप्टोचा धोका असतो.

खाण्यात भाकरी, उकडलेलं अंडं, भात-चिकनचे गोळे चालतील. निघण्याआधी दोन-तीन तास हलकं खाणं, मग वाटेत थोडं-थोडं. भरल्या पोटी पळालेल्या मोठ्या छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो आणि ते जिवावर बेततं. आपल्या डब्यातलं मात्र सांभाळा. झुणका-भाकरीबरोबरचा कांदा, लाडवातले आणि चिवड्यातले बेदाणे, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम हे सगळं कुत्र्याला विषारी आहे. डोंगरावर प्रेमानं एक लाडू भरवणारे पुष्कळ असतात, त्यांना निघतानाच सांगून ठेवा.

प्रत्यक्ष दिवस

उजाडता-उजाडता चालायला लागा, पण अंधारात नको. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ कोर्सवर बिबट्या मुक्काम ठोकून होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. शहरात ही गत, तर डोंगराची कल्पना करा. खानापूर आणि चंदगड भागात गवे आहेत, चंदगडच्या जंगलपट्ट्यात हत्तींचाही वावर असतो. ताजं शेण किंवा मोडलेल्या फांद्या दिसल्या तर वाट बदलायची नाही, परत फिरायचं.

कुत्रा पूर्ण दिवस पट्ट्यावर. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण कारणं ऐका. शेताच्या कडेनं रानडुकरांसाठी फास लावलेले असतात, झटक्याच्या तारा असतात, आणि काही ठिकाणी पिठात किंवा मांसात दडवलेले गावठी बॉम्बही. कुत्र्यानं ते चावलं तर जबडाच उडतो. काजूच्या बागांत मोहोराच्या दिवसांत फवारणी झालेली असते. पुढं खाली पडलेली काजूबी कुत्र्यानं फोडली तर सालातल्या तेलानं तोंड भाजतं. कड्यावर आग्या मोहोळं असतात. म्हणूनच कुत्र्याला झाडाला बांधून फोटो काढायला जाऊ नका. माश्या उठल्या तर माणूस पळतो, बांधलेला कुत्रा पळू शकत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात जाणूनबुजून सावकाश चाला. कुत्रा उत्साहात तुम्हाला ओढतो आणि तिथंच आपला दम घालवतो. शू-शी झाली की पिशवीत घ्या किंवा पाण्यापासून लांब वीतभर खोल पुरा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी दाखवा, प्यायला नाही तरी दाखवा.

आणि मग खिंड. माथ्यावर निर्णय घेऊ नका. तिथं वारा असतो, आनंद असतो, पुढचा माथा जवळ दिसतो. खिंडीत उतरा, सावली शोधा, दहा मिनिटं बसा आणि कुत्र्याकडं बघा.

धाप खाली येते का? दहा मिनिटांत श्वास शांत झाला नाही तर तिथूनच उतरायचं, पुढचा माथा कितीही छोटा असो. जीभ बघा: टोकाला पळीसारखी रुंद पसरली असेल तर अंग तापलं आहे. वरचा ओठ उचलून हिरडी अंगठ्यानं दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. चारी पंजे उलटे करून बघा. आवडीचा घास पुढं करा. नेहमी हावरट असलेला कुत्रा तोंड फिरवत असेल तर तो दमला आहे, लाड करत नाही. शेवटी बाटली बघा. पाणी निम्मं संपलं असेल आणि निम्मी वाट झाली नसेल, तर मोहीम संपली.

हे सगळं ठीक असेल तरच पुढं. सोबत कुणी ‘एवढाच तर राहिलाय’ म्हणणारा असतोच. त्याला पुढं जाऊ द्या, तुम्ही कुत्र्याबरोबर उतरा. म्हणूनच किमान तिघांनी जावं.

उघड्या जांभ्याच्या सड्यावर ऊन आलं की हाताचा पालथा पंजा दगडावर सात सेकंद ठेवा. तुम्हाला ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका. हा दगड खरखरीत आहे, ऊन नसतानाही गाद्या घासून काढतो. शक्य तिथं कडेच्या मातीवरून न्या. खडकाळ उतारावर कुत्र्याला ओढू नका. तो थांबून वाट शोधतो, त्याला वेळ द्या आणि हार्नेसची पकड हलकी धरून ठेवा.

माणसं, गुरं, देवळं

मेंढरांचा कळप दिसला की लांबूनच थांबा. धनगराची कुत्री कळपाची राखण करतात आणि परक्या कुत्र्यावर तुटून पडतात, ते त्यांचं कामच आहे. वरच्या बाजूला उभं राहून हाक द्या: “मामा, आमच्यासंगट कुत्रं हाय ओ! तुमची जरा धरता काय?” ते धरतात, वाटही दाखवतात, आणि पाणी कुठं आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. चरणाऱ्या म्हशींच्या मधून जाऊ नका. वासरू असलेली म्हैस कुत्र्यावर चालून येते. तशी ती आलीच तर पट्टा सोडून द्या. कुत्रा पळून सुटतो, त्याला छातीशी धरलेला माणूस शिंगावर येतो.

महिपाळगडासारख्या वस्तीच्या गडावर शिरण्याआधी दोरी आखूड करा. गावची कुत्री दारातून ओरडतात, त्यांना दगड मारू नका. आपण थांबायचं आणि कुणी गावकरी आला की त्याच्याबरोबर पुढं जायचं. कुत्र्याला गावच्या नळाखाली तोंड घालू देऊ नका, भांड्यात पाणी मागून घ्या. देवळात एकजण कुत्र्याबरोबर बाहेर थांबेल आणि बाकीचे दर्शन घेतील, मग अदलाबदल. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो हे खरं, पण म्हणून आपल्याला त्याला गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत न्यायची सूट मिळत नाही.

अडचण आलीच तर

उष्माघात सर्वांत आधी ओळखायचा. धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल अडखळते, उलटी होते. कुत्र्याचं अंग मुळात 38 ते 39 अंश सेल्सियस असतं. 41 च्या पुढं गेलं की प्रत्येक मिनिट महत्त्वाचं. आधी गार करा, मग हलवा. सावलीत आडवं घ्या, राखीव बाटली पोटावर, जांघेत, काखेत आणि मानेवर ओता आणि टोपीनं किंवा पुठ्ठ्यानं जोरात वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर थोडं-थोडं पाणी, जबरदस्तीनं नाही. मग झोळी, गाडी, गाडीच्या खिडक्या उघड्या आणि पशुवैद्य. थोड्या वेळात तो शेपूट हलवायला लागला तरी दवाखाना टाळू नका, आतल्या अवयवांना झालेली इजा दुसऱ्या दिवशी उघडी पडते.

साप चावला तर सहसा तोंडाला किंवा पुढच्या पायाला. घोणस आणि फुरसं चावल्यावर जागा झपाट्यानं सुजते. नागाच्या दंशातही सूज येते, मण्यारीच्या दंशात ती कमी किंवा नसतेच, पण दोन्हींत पापण्या जड होतात आणि पाय लुळे पडतात. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. चालवायचंही नाही. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस सैल करा, उचला आणि निघा. दवाखान्यात फोन वाटेतून करा. भारतात मिळणारं अँटिव्हेनम या चारही सापांवर चालतं. पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा टोल फ्री क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही आहे, तो फोनमध्ये आधीच साठवा.

पंजा कापला तर सलाईननं धुवा, कापूस ठेवून बँडेज करा, वर मोजा चढवा. दुखावलेला सर्वांत मायाळू कुत्राही चावतो, म्हणून हात लावण्याआधी बँडेजच्या पट्टीनं तोंड हलकं बांधा. धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र बांधू नका.

घरी आल्यावर

गाडीत बसण्याआधीच एकदा अंगावरून हात फिरवा, घरी पोचल्यावर दिव्याखाली पुन्हा. गोचीड सापडते ती कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांमध्ये, शेपटीच्या बुडाशी आणि जांघेत. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरा, न पिळता सरळ ओढा, बेटाडीन लावा. रॉकेल, तेल, जळती काडी यांपैकी काही नको. हातानं चिरडूही नका. माकडताप हा रोग 1957 मध्ये शिमोग्याकडं पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढं गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आणि आपल्या शेजारच्या दोडामार्गापर्यंत पोचला. तोही जंगलातल्या गोचिडांमधूनच पसरतो. म्हणून स्वतःचे कपडेही त्याच संध्याकाळी गरम पाण्यात टाका आणि काखा-गुडघ्यांमागं बघून घ्या.

कुत्र्याला कोमट पाण्यानं पुसा, पंजे कोरडे करा, थोडं खायला द्या आणि झोपू द्या. दुसऱ्या दिवशी फक्त अंगणात. पुढचे तीन आठवडे लक्ष असू द्या: खाणं कमी, ताप, नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या किंवा अंगावर लाल ठिपके असं काही दिसलं तर गोचीडतापाची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना कुठल्या दिवशी कुठल्या डोंगरावर गेला होता तेही सांगा. एखादा पाय तो आठवड्यानंतरही चाटत असेल तर बोटांच्या बेचक्यात पुन्हा एकदा टॉर्च मारून बघा. आत राहिलेलं कुसळ बऱ्याचदा तेव्हाच डोकं वर काढतं.